नकलवही

डॉक्टरांचं पत्र शाई ओली असतानाच माझ्याकडे येई.
त्यावर पातळ कागद, त्यावर दमट फडकं, वर लोखंडी पाट.
मी चाक फिरवायचो, बेतानंच:
जास्त दाबलं की अक्षरं फुटतात,
कमी दाबलं की नकलेत नुसती सावली येते.
नक्कल उलटी उमटायची, कागदाच्या पाठीकडून सुलटी वाचायची.
इंग्रजी मी तसंच शिकलो. पाठीकडून.

हवानाबाहेरच्या माळावर दोन लाकडी खोल्या,
कॅप्टन थॅडियस ऑर्न, एक खेचर,
आणि फळीवर काचेच्या बरण्या, तोंडाला जाळीचं कापड.
आत डास. बरणीवर चिठ्ठी:
कुठल्या रोग्याला चावला, कुठल्या तारखेला.

वॉशिंग्टनला ते लिहीत:
"फिर्मीनो, वय चोवीस, राहणार लुगो, स्पेन.
अकरा नंबरच्या बरणीतली मादी, रोग्याला चावून पंधरा दिवस झालेली.
चावा उजव्या हाताला. चौथ्या दिवशी थंडी, डोळे लाल.
शंभर डॉलर दिले.
आजारी पडल्याचे आणखी शंभर देणे आहेत."

बायकोला लिहीत:
"इथं हवा बरी आहे. खेचरानं माझी टोपी खाल्ली."

एकाच संध्याकाळची पत्रं, एकाच दौतीतली.
खोटं दोन्हींत नव्हतं.

फिर्मीनोला लिहिता येत नव्हतं. त्याचं पत्र मी लिहिलं:
आई, उसाच्या कारखान्यात लागलोय, पगार सोन्यात मिळतो.
तो वाचला. हळदीसारखा पिवळा, नुसती हाडं,
दोनशे डॉलर मोजताना रडला,
मग चुकले म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजले.

लव्हिनियाबाईंचं उत्तर आलं:
"तुमची पत्रं बंदरावर सुयांनी टोचतात, गंधकाची धुरी देतात,
मगच घरी येतात.
या खेपेला 'लवकर' या शब्दातून भोक गेलंय.
लवकर काय, ते दिव्यासमोर धरूनही कळेना."
डॉक्टर हसले.
मग पुष्कळ दिवस हसले नाहीत.

डिसेंबरातलं पत्र सहा पानी होतं.
"दुसऱ्या खोलीत तीन शिपाई वीस रात्री निजले.
मेलेल्यांच्या उशा, काळ्या वांतीनं कडक झालेल्या चादरी,
अंगात त्यांचेच न धुतलेले सदरे.
एकालाही साधी कणकण नाही.
सबब कपडे निर्दोष."

निर्दोष.
माझ्या हातून चाक एक आटा जास्त फिरलं.

ओब्दूलिया गेली त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती.
आम्ही सगळं जाळलं:
गादी, निळा झगा, टाक्यात सुई तशीच असलेली लेस,
चपला जळेनात, तर वर रॉकेल ओतलं.
गल्ली लांबून बघत होती, नीट पेटलंय ना.
तिच्या उशाचा पाण्याचा रांजण तेवढा ठेवला.
तापात सारखी तहान तहान करायची ती.
वर येऊन वळवळणारे बारीक किडे
आई ओंजळीनं बाजूला सारायची, मग पेला भरायची.
पाणी कोण जाळतं?

त्या रात्री घरी जाऊन आईला सांगितलं.
ती काही बोलली नाही. उठली,
पेटीमागून बिस्किटांचा डबा काढला.
आत एक पायमोजा.
दोन वर्षं तिनं तो चोरून ठेवला होता
आणि दोन वर्षं त्याला हात लावला नव्हता.
घरात कुणी शिंकलं तरी ती चर्चला का धावायची,
ते मला आत्ता कळलं.
तिनं मोज्यात हात घातला, कोपरापर्यंत,
बोटं आत हलवून पाहिली.
"मग बाकीचं का रे जाळलं?"

सहा पानांत याचं उत्तर नव्हतं.
मी परसात जाऊन रांजण कलंडला.
पाणी बराच वेळ वाहत राहिलं, शेजाऱ्याच्या कोंबड्या जाग्या झाल्या.

सकाळी पाकीट बंद करताना डॉक्टर थबकले.
चौथ्या पानावर शाईचा डाग.
"हा कुठला शब्द?" त्यांनी विचारलं.
अक्षर त्यांचंच होतं.
मी सांगितला.